विश्लेषण : मूल हट्टी की अस्वस्थ? ताराबाई मोडक यांनी शंभर वर्षांपूर्वी काय ओळखले होते?

चुडावा (ता. पूर्णा, जि. परभणी) : जून महिन्यात अंगणवाडीच्या दारात दिसणारे चित्र गावागावांत सारखेच असते. आईच्या पदराला घट्ट धरून रडणारे एखादे लेकरू, त्याला ओढत आत नेणारी आजी आणि दोघांच्या मध्ये उभी असलेली अंगणवाडीताई. महिनाभरात बहुतेक मुले रुळतात. एखादे मात्र रुळत नाही. ते बोलत नाही, खिचडीला हात लावत नाही, दुसऱ्या मुलाला चावते किंवा दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसते. मग त्याला नावे मिळू लागतात. कुणी त्याला लाडावलेले म्हणते, कुणी हट्टी, कुणी मंद. नजर लागली, बाहेरचे काहीतरी झाले, अशीही चर्चा सुरू होते.

या नावांपैकी एकही नाव त्या मुलाच्या मनात काय चालले आहे, हे सांगत नाही. नाव ठेवण्याआधी कारण शोधावे, ही गोष्ट मराठी घरांना आणि बालशाळांना चिकाटीने सांगणाऱ्या व्यक्तींमध्ये ताराबाई मोडक यांचे नाव अग्रभागी येते. त्यांचा जन्म १९ एप्रिल १८९२ चा आणि निधन ३१ ऑगस्ट १९७३ चे. त्यांनी चालवलेल्या अंगणातल्या बालवाडीचा धागा आजच्या अंगणवाडीपर्यंत येतो. लहान मुलांच्या मानसिक आरोग्याची चर्चा आता मोबाइलवर रोज होते, त्यामुळे त्यांचे आयुष्य नव्याने समजून घेण्यासारखे आहे.

कोण होत्या ताराबाई मोडक?

ताराबाई माहेरच्या केळकर. जन्म मुंबईचा. वडील सदाशिव पांडुरंग केळकर हे प्रार्थना समाजाचे. १८६७ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या या समाजाने स्त्रीशिक्षण आणि विधवाविवाहाचा पुरस्कार केला होता. त्यामुळे मुलीने शिकायचे की नाही, हा प्रश्न या घरात नव्हता. १९१४ मध्ये त्या मुंबई विद्यापीठातून बी. ए. झाल्या. त्या काळात पदवीधर मराठी स्त्रिया बोटांवर मोजण्याइतक्या होत्या.

पुढच्याच वर्षी त्यांचा विवाह अमरावतीचे वकील कृष्णराव मोडक यांच्याशी झाला. तो संसार टिकला नाही. १९२१ मध्ये दोघे वेगळे झाले. वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, लहान मुलीची जबाबदारी घेऊन, ताराबाई नोकरीसाठी घराबाहेर पडल्या. १९२१ मध्ये पतीपासून वेगळे राहणाऱ्या बाईकडे समाज कसा पाहत असेल, हे वेगळे सांगायला नको. राजकोटच्या बार्टन महिला अध्यापन महाविद्यालयात त्यांना प्राचार्यपद मिळाले. पद प्रतिष्ठेचे, पगार बरा, नोकरी कायमची. ती त्यांनी फार काळ केली नाही.

भावनगरला असे काय होते?

भावनगरला दक्षिणामूर्ती नावाची संस्था होती. तिथे गिजुभाई बधेका हे गृहस्थ लहान मुलांसोबत काहीतरी वेगळे करत होते. गिजुभाई मूळचे वकील. स्वतःच्या मुलाच्या शिक्षणाचा विचार करताना त्यांच्या हाती मारिया माँटेसरी यांचे विचार आले आणि त्यांनी वकिली सोडली. १९२० मध्ये त्यांनी बालमंदिर सुरू केले. मार नाही, शिक्षा नाही, बक्षीस नाही, नंबर नाही, अशी ती शाळा होती. मोठ्या मिशा असलेल्या या माणसाला लोक कौतुकाने मिशाळ आई म्हणू लागले.

ताराबाई १९२३ मध्ये प्राचार्यपद सोडून या बालमंदिरात आल्या. पदाच्या हिशेबाने ही सरळ घसरण होती. महाविद्यालय चालवणारी बाई अडीच-तीन वर्षांच्या मुलांच्या नाकातला शेंबूड पुसायला गेली, असेच अनेकांना वाटले असणार. पण त्यांना जे शिकायचे होते ते तिथेच होते. जवळपास नऊ वर्षे त्या भावनगरला राहिल्या.

तिथे त्या मुख्यतः काय शिकल्या, तर मुलाकडे बघायला. ऐकायला हे सोपे वाटते. पण मोठी माणसे मुलाकडे बघतात ती बहुधा सूचना देण्यासाठी. बालमंदिरात शिक्षकाने आधी गप्प बसून निरीक्षण करायचे असे. मूल कोणत्या वस्तूकडे जाते, किती वेळ रमते, कुठे थांबते, कुणाला टाळते, रडण्याआधी नेमके काय घडते, हे सगळे पाहायचे आणि मगच मध्ये पडायचे. इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांना यात ओळखीचे काहीतरी सापडेल. मशीन बंद पडले की आधी त्यावर थाप मारायची की लॉग वाचायचा, असाच हा प्रश्न आहे. फरक इतकाच, की इथे समोर मशीन नसते आणि थाप गालावर पडते.

१९२६ मध्ये गिजुभाई आणि ताराबाई यांच्या पुढाकाराने नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. संघातर्फे शिक्षणपत्रिका निघत असे. तिच्या मराठी आवृत्तीचे संपादन ताराबाईंनी केले. पालकांना उद्देशून त्यांनी भरपूर लिहिले. बालकांचा हट्ट, बालविकास व शिस्त ही त्यांच्या पुस्तकांची नावे पाहिली, तरी त्यांचा रोख लक्षात येतो. मुलांनी काय शिकावे याइतकाच मुले अशी का वागतात, हा प्रश्न त्यांना महत्त्वाचा वाटत होता.

या विचारांचे मूळ मनोरुग्णालयात कसे?

माँटेसरी म्हटले की आता इंग्रजी माध्यमाची नर्सरी, युनिफॉर्म आणि भली मोठी फी डोळ्यांसमोर येते. प्रत्यक्षात या पद्धतीची सुरुवात झाली ती कुणालाच नको असलेल्या मुलांपासून.

मारिया माँटेसरी १८९६ मध्ये रोममध्ये डॉक्टर झाल्या आणि विद्यापीठाच्या मानसोपचार विभागात काम करू लागल्या. तेव्हा बौद्धिकदृष्ट्या मागे असलेल्या मुलांनाही मोठ्या मनोरुग्णांसोबत कोंडून ठेवले जाई. खोलीत खेळणे नाही, वस्तू नाही, करण्यासारखे काहीच नाही. या मुलांना औषधाइतकीच हातांना आणि मेंदूला काम मिळण्याची गरज आहे, असा निष्कर्ष माँटेसरींनी काढला. १९०० मध्ये रोममध्ये अशा मुलांसाठी सुरू झालेल्या शाळेची सहसंचालक म्हणून त्यांनी काम केले. स्पर्शाची, आकाराची, रंगाची साधने वापरून त्यांनी मुलांना शिकवले. त्यातली काही मुले सर्वसाधारण मुलांच्या परीक्षेत उत्तीर्ण झाली, तेव्हा सगळ्यांनी त्यांचे कौतुक केले. माँटेसरींना मात्र उलटा प्रश्न पडला. ही मुले इथपर्यंत पोहोचत असतील, तर निरोगी मुलांना शाळा कशा प्रकारे अडवून ठेवत आहेत? ६ जानेवारी १९०७ रोजी रोमच्या गरीब वस्तीत त्यांनी पहिले बालगृह उघडले.

म्हणजे ज्या विचाराला आपण आज नर्सरीची पद्धत समजतो, तो मुळात मानसिक आरोग्याच्या दालनातून आला आहे. ताराबाईंच्या कामातही हा वारसा दिसतो. मागे पडणाऱ्या किंवा त्रास देणाऱ्या मुलात काय कमी आहे हे विचारण्याआधी, त्याच्या भोवताली काय कमी आहे, हे त्यांनी विचारले.

दादरमध्ये काय सुरू केले?

भावनगरहून ताराबाई मुंबईला परतल्या आणि १९३६ मध्ये दादरला शिशुविहार सुरू झाले. सोबत शिक्षिका घडवणारे अध्यापन मंदिरही होते. दादरच्या मध्यमवर्गीय मराठी घरांमध्ये बालशाळेचा विचार इथून रुजत गेला.

त्याच वर्षी मुंबईत टाटा समाजकार्य विद्यालय उघडले आणि १९३७ मध्ये त्याच्या छत्राखाली बालमार्गदर्शन केंद्र सुरू झाले. वर्तनाच्या आणि भावनिक अडचणी असलेल्या मुलांसाठीचे हे देशातले पहिले केंद्र मानले जाते. एकाच शहरात, एक-दोन वर्षांच्या अंतराने, मुलांच्या मनाकडे जाणारे दोन रस्ते तयार झाले. एक दवाखान्याचा, दुसरा बालशाळेचा. पुढची अनेक दशके हे रस्ते फारसे एकमेकांना भेटले नाहीत. ज्याला मदत हवी ते मूल बालवाडीत आणि ज्याला मदत करता येते तो डॉक्टर शहरात, ही अडचण परभणीसारख्या जिल्ह्यातल्या पालकांना आजही अनुभवाला येते.

शहर सोडून बोर्डीला का गेल्या?

दादरचे काम नीट चालले होते. नाव झाले होते. १९४६ नंतर काही काळ त्या मुंबई प्रांताच्या विधिमंडळातही होत्या. पण एक प्रश्न उरतच होता. माँटेसरीची साधने महाग, इमारती पक्क्या, शिक्षिका पगारी. खेड्यातल्या मजुराच्या मुलाचे काय? गांधीजींच्या विचारांचा प्रभाव असलेल्या त्या काळात हा प्रश्न टाळणे शक्य नव्हते.

१९४५ मध्ये ताराबाईंनी डहाणू तालुक्यातल्या बोर्डी या समुद्रकाठच्या गावात ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. वय त्रेपन्न. त्याच वर्षी त्यांना अनुताई वाघ या सहकारी मिळाल्या. अनुताईंचा जन्म १९१० चा, मोरगावचा. तेराव्या वर्षी लग्न आणि काही महिन्यांतच वैधव्य. शिक्षिका झालेल्या अनुताई बोर्डीला आल्या त्या कायमच्या. एक परित्यक्ता समजली गेलेली, दुसरी बालविधवा. समाजाने बाजूला सारलेल्या दोन बायकांनी समाजाने बाजूला सारलेल्या मुलांसाठी उभे केलेले हे काम आहे.

बोर्डीत पहिला धडा लगेच मिळाला. बालवाडी उघडली, पण ज्यांच्यासाठी उघडली ती मुले आलीच नाहीत. आईबाप कामावर, धाकटे भावंड कडेवर, अंगावर धड कपडा नाही. दलित वस्तीतल्या आणि कोळीवाड्यातल्या मुलांना गावातल्या बालवाडीपर्यंत येण्याचे अंतर फक्त पावलांचे नव्हते. दोष पालकांच्या अज्ञानावर टाकून मोकळे होणे सोपे होते. ताराबाईंनी बालवाडीच उचलली आणि वस्तीतल्या अंगणात नेली. कार्यकर्त्या तिथे जात, अंगण झाडत, मुलांना आंघोळ घालत, केस विंचरत, मग गाणी, गोष्टी, खेळ. साधने म्हणजे शंख-शिंपले, बिया, दगड, पाने, माती. या उपक्रमाला अंगणातली बालवाडी म्हणू लागले. आज देशभर रुळलेल्या अंगणवाडी या कल्पनेचे मूळ इथेच मानले जाते.

आंघोळ घालणे हे स्वच्छतेचे काम वाटते. ज्या मुलाला दिवसभरात कुणी मोठ्या माणसाने मायेने हात लावलेला नाही, त्याच्यासाठी ते आणखीही काही असते. ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी १९५१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी अहवाल लिहिला. सातत्याने माया करणारे मोठे माणूस मिळणे हे लहान मुलाच्या मानसिक आरोग्यासाठी किती मूलभूत आहे, हे त्यात त्यांनी मांडले. तोपर्यंत बोर्डीच्या अंगणात सहा वर्षे डोक्याला तेल लावून झाले होते.

कोसबाडच्या टेकडीवर काय वेगळे घडले?

१९५७ मध्ये काम बोर्डीहून जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेले. आता हा भाग पालघर जिल्ह्यात येतो. भोवताली वारली आदिवासींचे पाडे. याच पट्ट्यात १९४५ मध्ये वेठबिगारीविरुद्ध वारल्यांचा लढा उभा राहिला होता. म्हणजे इथल्या मुलांच्या आईबापांच्या पाठीवर जमीनदाराच्या माराच्या आठवणी ताज्या होत्या. अशा ठिकाणी शाळा म्हणजे आणखी एक धाक, असे वाटणे साहजिक होते.

मुले दिवसभर गुरे राखायला कुरणात जात. म्हणून शाळा कुरणात भरू लागली. तिला कुरणशाळा म्हणत. मोठी बहीण धाकट्याला सांभाळते म्हणून शाळेत येत नाही, हे दिसल्यावर पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणल्या. त्याचे नाव विकासवाडी. धाकटे पाळण्यात, मधले बालवाडीत, थोरली वर्गात. तिला मधल्या सुट्टीत भावाला पाहून येता येई.

ही रचना कागदावर शिक्षणाची वाटते. पण आठ-नऊ वर्षांच्या मुलीवर पूर्ण वाढलेल्या बाईची जबाबदारी पडते, तेव्हा तिच्या मनावर काय ओझे असते, याचा विचार त्यात आहे. तिला शाळेत यायला सांगण्याऐवजी तिच्या कडेवरचे मूल आधी उतरवून घेतले गेले.

१९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण मिळाले. बालशिक्षणासाठी असा सन्मान मिळणे तेव्हा नवीन होते.

मग हट्ट आणि आजार यांत फरक कसा ओळखायचा?

ताराबाईंच्या पद्धतीचा गाभा होता वागण्यामागचे कारण शोधणे. आजचे मानसशास्त्र हाच गाभा ठेवून त्यात वयाचे आणि कालावधीचे माप घालते. ते माप पालकांना ठाऊक असेल तर अर्धी भीती कमी होते.

आई दिसेनाशी झाली की रडणे हे साधारण आठव्या महिन्यापासून सुरू होते आणि तीन वर्षांपर्यंत हळूहळू ओसरते. नवीन जागी, नवीन माणसांत ते काही दिवस परत येऊ शकते. पण वयाच्या मानाने ही भीती फारच तीव्र असेल, चार आठवड्यांहून अधिक टिकत असेल आणि त्यामुळे मुलाचे खाणे, झोपणे, शाळा अडत असेल, तर ती विकाराकडे झुकते. घरी भरपूर बोलणारे मूल शाळेत तोंडच उघडत नसेल, तर त्यालाही एक नाव आहे, निवडक मूकता. मात्र निदानाच्या निकषांमध्ये शाळेचा पहिला महिना धरत नाहीत. म्हणजे जूनमध्ये गप्प बसलेल्या लेकराला जूनमध्येच आजारी ठरवायचे नाही. आणि दिवाळीपर्यंत ते गप्पच असेल, तर लाजाळू आहे म्हणून सोडूनही द्यायचे नाही.

अंथरुणात लघवी होणे ही पाच वर्षांच्या आत विकार मानली जात नाही. लोळण घेऊन रडणे दीड ते चार या वयात सामान्य आहे, कारण मुलाला हवे ते कळत असते, पण सांगायला शब्द अपुरे असतात. भूक, झोप, नवे भावंड, घरातली भांडणे, जागा बदलणे, ही कारणे आधी तपासायची.

याउलट काही खुणा वाट पाहण्याच्या नाहीत. वर्षाचे झाले तरी हाक मारल्यावर न वळणे, दीड वर्षाचे झाले तरी बोट करून काही न दाखवणे, येत असलेले शब्द किंवा हसणे-खेळणे अचानक बंद होणे. अशा वेळी काही मुले उशिरा बोलतात, हा शेजारचा सल्ला महागात पडतो. आधी कान तपासावेत, मग विकासाची तपासणी करावी.

ताराबाईंचा विचार कुठे अपुरा पडतो?

हे सांगणे गरजेचे आहे, कारण थोरांच्या चरित्रात हा भाग नेहमी गाळला जातो.

त्या काळच्या नवशिक्षणाचा सगळा भर वातावरणावर होता. प्रेम द्या, मोकळीक द्या, साधने द्या, मूल फुलेल. बहुतेक मुलांच्या बाबतीत हे खरे ठरते. सगळ्यांच्या बाबतीत नाही. स्वमग्नतेचे वर्णन अमेरिकेत लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये केले. त्यानंतर कित्येक वर्षे आईच्या थंडपणामुळे मूल स्वमग्न होते, असे डॉक्टरही मानत होते. ते साफ चुकीचे ठरले. स्वमग्नता, अतिचंचलता, अध्ययन अक्षमता यांची मुळे मोठ्या प्रमाणात मेंदूच्या जडणघडणीत आणि आनुवंशिकतेत असतात, हे आता मान्य आहे. अशा मुलाच्या आईला तुम्ही वेळ देत नाही, असे सुनावणे म्हणजे आधीच थकलेल्या बाईवर आरोप करणे. कारण शोधा हा मंत्र दोषी शोधा असा वाचला, की नुकसान होते. आपल्याकडे तो तसा वारंवार वाचला जातो आणि दोषी बहुतेक वेळा आईच ठरते.

दुसरी मर्यादा वयाची. ताराबाईंचे काम प्रामुख्याने अडीच ते सहा या वयाचे. मानसिक विकारांची सुरुवात मात्र पुढे अधिक दिसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार, एकूण मानसिक विकारांपैकी निम्म्यांची सुरुवात वयाच्या चौदाव्या वर्षापर्यंत झालेली असते आणि १० ते १९ या वयात जगभर सात जणांमागे एकाला मानसिक विकार असतो. भारतात २०१५-१६ मध्ये झालेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातल्या ७.३ टक्के मुलांमध्ये विकार आढळले. दहावीचे वर्ष, गावातून तालुक्याला रोजचा एसटीचा किंवा रेल्वेचा प्रवास, घरातले कर्ज, हातातला मोबाइल, यांतून जाणाऱ्या मुलासाठी शंख-शिंपल्यांची पेटी पुरत नाही. तिथे समुपदेशक लागतो, कधी औषध लागते.

परभणीच्या मुलांशी याचा काय संबंध?

ताराबाई बोर्डीला गेल्या तेव्हा परभणी जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्यांचे काम मराठवाड्यात झाले नाही. पण कोसबाडला त्यांनी सोडवलेला प्रश्न इथे आजही उभा आहे. जिल्ह्यातल्या गंगाखेड, पालम, सोनपेठ या भागांतून दरवर्षी दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला कुटुंबे बाहेर पडतात. लेकरू सोबत गेले तर फडात वाढते, मागे राहिले तर आजी-आजोबांकडे. मार्च-एप्रिलमध्ये आईबाप परततात तेव्हा तीन वर्षांचे मूल आईजवळ जायला नकार देते, किंवा तिला क्षणभरही सोडत नाही. दोन्ही वागणी एकाच कारणातून येतात. त्या मुलाला हट्टी म्हणणे म्हणजे सहा महिन्यांचा हिशेब त्याच्याकडेच मागणे.

असे मूल सगळ्यात आधी कुणाला दिसते? डॉक्टरला नाही. रोज सकाळी पट मांडणाऱ्या अंगणवाडीताईला दिसते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून सुरू आहे. त्याच्या पथकाने अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा आणि शाळेतल्या मुलांची एकदा तपासणी करायची असते. विकासातला विलंब ओळखणे हा त्या तपासणीचा ठरलेला भाग आहे. पथक गावात येईल त्या दिवशी मूल हजर असणे आणि ताईने किंवा आईने आपले निरीक्षण सांगणे, यावर बरेच अवलंबून असते. तपासणी काही मिनिटांची असते. ताईकडे मात्र कित्येक महिन्यांचे पाहणे असते. तिला पोषण आहार, वजने, नोंदवह्या, मोबाइल अ‍ॅप आणि सर्वेक्षणांतून मुलाकडे नुसते पाहायला किती वेळ उरतो, हा वेगळा आणि अप्रिय प्रश्न आहे.

मोठ्या मुलांसाठी आणि पालकांसाठीही केंद्र सरकारची टेली-मानस ही दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून आहे. क्रमांक १४४१६. फोन मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येते. मूल स्वतःला इजा करण्याविषयी बोलत असेल, तर ते नाटक समजू नये. त्याला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी मदत घ्यावी.

पुढे काय झाले?

१९७३ मध्ये ताराबाई गेल्या. दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातल्या ३३ प्रकल्पांत सुरू केली. तिच्या केंद्रांना अंगणवाडी हे नाव मिळाले. आज देशात सुमारे १४ लाख आणि महाराष्ट्रात एक लाखाहून अधिक अंगणवाड्या आहेत. योजना मोठी होताना आहार आणि लसीकरण पुढे आले, ते आवश्यकही होते. खेळ, गोष्ट आणि निरीक्षण मात्र वेळ उरला तर, या रकान्यात गेले.

कोसबाडचे काम अनुताईंनी पुढे नेले. त्यांनी आपल्या आठवणी कोसबाडच्या टेकडीवरून या पुस्तकात लिहिल्या आहेत. २७ सप्टेंबर १९९२ रोजी त्यांचे निधन झाले, तोपर्यंत त्या टेकडीवरच्या कामाशी जोडलेल्या होत्या.